वाघमारे बाई सही करत नाहीत

आयुष्यात मी एकाच माणसाचा पाठलाग केला, आणि तोसुद्धा भर उन्हात, लाल छत्री उघडून. हेरगिरीचं माझं सगळं शिक्षण वाचनालयातल्या रहस्यकथांवर झालेलं. त्यातले हेर काळा कोट घालतात हे मला ठाऊक होतं. पण पुण्यात एप्रिलमध्ये काळा कोट घालून निघालेल्या बाईकडे लोक हेर म्हणून बघत नाहीत, वेगळ्याच काळजीने बघतात. म्हणून छत्री. ती लाल होती, कारण घरात तेवढी एकच धड होती. हे ऐकून माझ्या नाती पोट धरधरून हसतात. हसू देत. तेव्हा मी स्वतःला फार चलाख समजत असे, आणि माझ्या चलाखीचा त्रास नेहमी दुसऱ्या कोणाला तरी होत असे.

ज्यांच्या मागावर मी होते, त्या वाघमारे बाई.

सदाशिव पेठेच्या टोकाला आमची तीन मजली सोसायटी. नाव सांगत नाही. बरेच सभासद अजून हयात आहेत आणि सगळ्यांना निषेधाची पत्रं लिहायची सवय आहे. ते दिवस कॉम्प्युटरचे होते. ज्या घरात जावं तिथे एक मुलगा अमेरिकेच्या व्हिसाच्या रांगेत आणि त्याची आई देवापुढे. गल्लीतली पिठाची गिरणी बंद होऊन तिथे इंटरनेटचं दुकान आलं होतं. आमचे चेअरमन नाना परचुरे तळमजल्यावर राहायचे. त्यांच्या शिरीषने घराचा पुढचा अर्धा भाग घेऊन कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. काचेचं दार, आत एसी, आणि चारी बाजूंनी गुळगुळीत लाकडी पॅनेलिंग. बाहेर चपलांचा एवढा ढीग, की नवीन माणसाला वाटावं आत कोणी महाराज उतरलेत.

अशात एका दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचा एक कोपरा सुटला आणि नानांच्या नव्याकोऱ्या गाडीच्या टपावर पडला. गाडी नसती तर तो कोणाच्या तरी डोक्यावर पडला असता. पण नानांना गाडीचंच जास्त लागलं. मागोमाग पालिकेची नोटीस आली. इमारत धोकादायक. दुरुस्त करा, नाहीतर रिकामी करा. आणि नोटिशीच्या मागोमाग मिठाईचा डबा घेऊन एक बिल्डर आला. नोटिशीची बातमी त्याला आमच्याआधी कशी कळली, हे आजवर कळलेलं नाही.

बिल्डर म्हणाला, "कशाला दुरुस्तीच्या फंदात पडता काका? रिकामं करून द्या. सात मजली उभी करतो, लिफ्टसकट." कधीपर्यंत, असं विचारल्यावर त्याने मिठाई पुढे केली. आमच्यातल्या बहुतेकांनी आयुष्यभराची पुंजी घालून ती दोन खोल्यांची घरं घेतली होती. भाड्याने कुठे जायचं? संगणकवाल्या पोरांनी भाडी आभाळाला नेलेली. मी आणि हे एक जागा बघून आलो, ती कात्रजच्याही पलीकडे. हे म्हणाले, "डेअरी जवळ आहे. दूध ताजं मिळेल." ह्यांची धीर देण्याची पद्धत अशी.

तेव्हा ठरलं, दुरुस्तीच करायची. ठेकेदार नेमला: लोणी काळभोरचे शितोळे. आणि करार नीट पाळला जातोय का हे बघायला एक चार्टर्ड सर्व्हेअर नेमायचा. नानांनी काही नावं काढली होती, त्यातलं त्यांनी बाईंचं निवडलं. कारण त्यांनी मला खाजगीत सांगितलं, "बाईमाणूस आहे. सांगू तसं ऐकेल." मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी होते, आणि स्वतः बाईमाणूस असूनही मी मान डोलावली. बघा म्हणजे.

सर्व्हेअर म्हणजे जमीन मोजणारा, एवढंच आम्हाला माहीत. वॉचमनने तर पहिल्या दिवशी बाईंना "साखळी कुठाय?" असं विचारलं. पण बाईंचं काम निराळं होतं. ठेकेदाराने काम करायचं, सोसायटीने पैसे द्यायचे, आणि दोघांच्या मध्ये उभं राहून बाईंनी ठरवायचं की जे झालं त्याला काम म्हणावं की नाही. सगळं झालं की काम पूर्ण झाल्याचा दाखला त्यांनी द्यायचा. तो बघून पालिका नोटीस मागे घेणार. थोडक्यात, आमची घरं राहणार की जाणार, हे त्यांच्या एका सहीवर होतं.

आणि वाघमारे बाई सही करत नसत.

उंच, सावळ्या, पन्नाशीच्या अलीकडच्या. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, आणि पर्समध्ये हातोडी. पर्समध्ये कंगवा शोधतानाही आधी हातोडी बाहेर यायची. त्यांच्याकडे एक जुनी मोपेड होती. गल्लीच्या कोपऱ्यावरच ती बंद करायच्या आणि शेवटचा रस्ता ढकलत आणायच्या. मला वाटायचं, पेट्रोल वाचवतात. मग कळलं, मोपेडचा आवाज ऐकला की शितोळ्यांची माणसं धावपळ करून कामाला लागत. बाईंना धावपळीच्या आधीचं बघायचं असे.

आल्या की एकच शब्द: "उघडा."

सिमेंटचं पोतं उघडा. पाण्याची टाकी उघडा. गच्चीचा दरवाजा उघडा. रंगवलेलं काही दाखवलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "हे आतून कसं आहे?" म्हणायच्या. एकदा आमच्या ह्यांनी कौतुकाने आपलं नवं कपाट दाखवलं, तर त्यांनी ते ओढून मागची भिंत बघितली. मागे ओल होती. कपाट तिथे का ठेवलं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्या सबंध इमारत हातोडीने ठोकत फिरल्या. गिलावा पोकळ वाजला की तिथे खडूने गोल. आठवड्याभरात आमची इमारत देवी आल्यासारखी दिसायला लागली. त्यातले सर्वांत जास्त गोल माझ्या स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर होते, आणि हे मला वैयक्तिक वाटलं.

आमच्या पेठेत नवीन माणसाला जे आडून आडून विचारतात, ते विचारायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. बाई गॅलरीत वाकून काहीतरी बघत होत्या. मी खडीसाखर तोंडात असल्यासारखा आवाज काढून म्हटलं, "वाघमारे म्हणजे... आपलं मूळ गाव कुठलं म्हणायचं?"

त्यांनी मान वर केली नाही. "आम्ही बौद्ध. गाव बार्शीकडे. झालं? आता जरा मागे सरका. तुम्ही उभ्या आहात त्या फरशीच्या खालच्या सळ्या गंजून गेल्यात."

मी टुणकन मागे उडी मारली. नंतर आत जाऊन माझी मीच चरफडले, की बाईला बोलण्याची रीत नाही. रीत कोणाची सुटली होती, हे त्या वयात माझ्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. मी फार सुसंस्कृत होते.

बाईंच्यावरचा पहिला संशय चहावरून आला. आमच्या कोणाच्याही घरी त्या चहा घेत नसत. नाना म्हणाले, "अहो मॅडम, एक घोट." नाही. मी वेलदोडा घातला, आलं घातलं. नाही. पण खाली वाळूच्या ढिगाशेजारी शितोळ्यांच्या बायामाणसांनी विटांच्या चुलीवर चहा केला, की बाई तिथे उकिडव्या बसून बशीतून पीत. मी एकदा टोमणा मारलाच.

"आमचा चहा आवडत नाही वाटतं!"

"त्यांच्या चहात साखर असते, सेक्रेटरी बाई. तुमच्या चहात विनंती असते."

मी हे उत्तर घरोघरी जाऊन सांगितलं, पुरावा म्हणून. ठेकेदाराशी संधान आहे, आणखी काय!

त्यात कुरडयांचं प्रकरण झालं. पाऊस यायच्या आत गच्चीचं वॉटरप्रूफिंग संपवायचं, असं करारात होतं. शितोळे ठरल्या दिवशी माणसं घेऊन आले, तर गच्चीभर आमच्या कुरडया. उन्हाळ्याचं वाळवण. जुन्या साड्या अंथरून त्यावर कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे. बायकांनी सांगितलं, वाळल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. त्या वाळल्या तर दुसऱ्या मजल्याने मिरच्या घातल्या. शितोळे रोज वर येत आणि हात जोडून परत जात. "ताई, म्या काय कुरडईवर डांबर वतू का? माणसं बसून हायती माजी."

पुढे काम लांबलं. नानांनी कमिटी बोलावली. करारात उशिराबद्दल दंडाचं कलम होतं. ते लावा, अशी बाईंना सूचना गेली. सूचना कसली, हुकूमच. बाईंचं उत्तर आलं ते मी सर्वांसमोर वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता माझा आवाज बारीक होत गेला. त्यात लिहिलं होतं, की ठेकेदारास मुदतवाढ मंजूर करण्यात येत आहे. विलंबाचे कारण: मालकपक्षाने गच्ची उपलब्ध करून दिली नाही. अडथळ्याचे स्वरूप: कुरडया. मालकपक्ष म्हणजे आम्ही. आणि त्यातल्या निम्म्या कुरडया माझ्या.

नाना लाल झाले. "फी आमची घेते आणि वकिली त्याची करते?" बाईंना जाब विचारला गेला. त्या म्हणाल्या, "फी तुम्ही देता म्हणून मी तुमची बाजू घ्यायची, असं करारात कुठे आहे दाखवा. मी तुम्हा दोघांवरही सारखाच संशय घेते. ह्याच्यात कोणाला कमी-जास्त नाही. माझ्याकडे तेवढी एकच समता आहे."

असं कोणी बोलतं का? माझी खात्रीच पटली. आणि त्या खात्रीपायी मी लाल छत्री उघडली.

त्या दिवशी बाई मोपेड आमच्याकडेच ठेवून बसने निघाल्या. मी मागोमाग त्याच बसमध्ये पुढच्या दाराने चढले आणि उघड्या छत्रीमागे तोंड लपवून बसले. बाई मार्केट यार्डला उतरल्या. मीही. तिथे आत शिरल्यावर माझं शहाणपण संपलं. चहूकडून हातगाड्या, हमालांच्या आरोळ्या, कांद्याच्या ढिगांमधून वाट. एका हमालाने "ओ मावशी, छत्री मिटा, डोळा जाईल कुणाचा तरी" म्हणून मला बाजूला सारलं, ते थेट गुळाच्या ढेपांवर. बाई एका गोदामात गेल्या. शितोळे तिथे आधीच हजर! मी खांबाआडून पाहिलं: बाई वाकून पोत्यांखाली हात घालतायत, शितोळे खाली मान घालून उभे. देवाणघेवाण! आता पुढे काय करायचं, हे रहस्यकथेत ज्या पानावर असतं त्या पानापर्यंत माझं वाचन कधी गेलंच नव्हतं. मी तशीच उभी राहिले.

"सेक्रेटरी बाई."

आवाज मागून. बाई गोदामाच्या दुसऱ्या दाराने बाहेर पडून माझ्या पाठीशी उभ्या होत्या.

"कांदे घ्यायला एवढ्या लांब?"

"स्वस्त मिळतात," मी म्हटलं.

"पिशवी कुठाय?"

पिशवी नव्हती. बाईंनी माझ्या पदराला लागलेला गूळ पाहिला, छत्री पाहिली. "आपलं सिमेंट शितोळ्यांनी इथे भावाच्या गोदामात ठेवलंय. जमिनीला टेकवून. खालचे दोन थर दगड झालेत. ते परत पाठवायला सांगितलं. बघायचंय? या, उघडून दाखवते." आणि त्यांनी खरंच मला आत नेऊन पोती दाखवली. शितोळे माझ्याकडे बघून म्हणाले, "आता तुमीबी आलाव व्हय! एक वाघमारे बाई कमी हाय का म्हनून?"

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. मी खिडकीबाहेर बघत होते. स्वारगेट आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्हाला माझा संशय येतो ते चांगलं आहे. यायलाच पाहिजे. पण बसमध्ये छत्री उघडी ठेवून कोणी बसतं का? अशी हौस आहे, तर माझं एक काम करा. नव्या काँक्रीटवर ते पाणी मारतात का बघा. मी गेले की मारत नाहीत, असा मला संशय आहे."

संशयाचं काम मिळाल्यावर मला कोण आनंद! गॅलऱ्यांच्या नव्या काँक्रीटवर गोणपाट गुंडाळलेलं होतं, ते सतत ओलं राहायला हवं. मी सकाळी भाजीची पिशवी घेऊन खाली जायची आणि गोणपाट पिळून बघायची. दुपारी पुन्हा. शितोळ्यांची माणसं मला बघितली की बादली उचलायची. माझ्यामुळे आमच्या गॅलऱ्या जेवढं पाणी प्यायल्या तेवढं त्या उन्हाळ्यात माणसांना मिळालं नाही. आमच्याच मजल्यावरून तक्रार आली, की सेक्रेटरी बाईंमुळे टाकीतलं पाणी संपतं.

काम संपत आलं. गॅलऱ्या नव्या झाल्या, गच्ची झाली, बाहेरून फिकट बदामी रंग लागला. परांची उतरवली तेव्हा आमची इमारत एवढी देखणी दिसली, की नानांनी फोटोग्राफर बोलावला. उरली फक्त बाईंची सही. पालिकेने दिलेली मुदत संपत आलेली.

बाई आल्या. तळमजल्यावरचे सगळे खांब एकेक करून बघितले. मग क्लासच्या काचेच्या दाराशी थांबल्या. "इथला खांब राहिला."

नाना म्हणाले, "तो ठीक आहे."

"उघडा."

"अहो, पॅनेलिंग आहे त्याच्यावर. बर्मा टीक. मुलांच्या परीक्षा आहेत, आत बॅच चालू आहे. बाकीचे सगळे खांब बघितलेत ना?"

"हा बघितला नाही. न बघता बघितला असं मी लिहीत नाही."

बाई मोपेडवर बसून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. "उघडा." "परीक्षा झाल्यावर." आठवडा गेला. आता इमारतीत कुजबुज सुरू झाली, आणि तिच्यात माझा आवाज सर्वांत पुढे होता. बाई सही का करत नाहीत? उघड आहे. मुदत टळली की इमारत रिकामी करावी लागणार. रिकामी झाली की बिल्डरला मिळणार. बाई बिल्डरच्या खिशात आहेत! कालपर्यंत मीच त्यांना ठेकेदाराच्या खिशात घातलं होतं. ठेकेदाराला सही हवी, बिल्डरला नको, मग एक बाई दोन्ही खिशांत कशी मावेल, हा प्रश्न मला पडला नाही. संशयाचा एक फायदा असतो. त्यात हिशेब जुळवावा लागत नाही.

नानांनी गच्चीवर सर्वसाधारण सभा बोलावली. विषय एकच: वाघमारे बाईंना काढून दुसऱ्याची नेमणूक करणे. दुसरा म्हणजे नानांच्या मेहुण्याच्या ओळखीचा, जो बाहेरूनच बघून सही देणार होता. ठराव मीच लिहिला. पण माझ्यातला हेर अजून मेला नव्हता. मी ठरवलं, सभेआधी पुरावा आणायचा. तो खांब ठणठणीत आहे हे आपण स्वतः बघायचं, आणि सगळ्यांसमोर बाईंना तोंडावर पाडायचं.

मी शिरीषकडे गेले. "मला कॉम्प्युटर शिकायचाय."

"काकू, तुम्ही?"

"का? मला बोटं नाहीत?"

त्याने मला बेसिकच्या बॅचमध्ये बसवलं. कॉलेजची पोरं आणि मध्ये शाल पांघरून मी. एसी असा, की श्रीखंड लावलं असतं तर तासाभरात घट्ट झालं असतं. थंडी वाजते म्हणून विणकाम बरोबर नेलं होतं. जागा मी बरोबर हेरली, खांबाला लागून. समोर शिरीष सांगत होता, "माउस हलवा, काकू, उचलू नका." मी एका हाताने माउस धरला, आणि दुसऱ्या हाताने विणायची सुई पॅनेलच्या सांध्यातून आत सरकवली. ती लगेच काँक्रीटला टेकणार, टक् आवाज येणार, की मी जिंकले.

सुई आत गेली. आणखी गेली. जातच राहिली. जिथे खांब असायला हवा तिथे काहीच नव्हतं. मग ती कशाला तरी अडली आणि आतून काहीतरी भुरभुर खाली पडल्याचा आवाज आला. मी सुई ओढून काढली. पांढऱ्या सुईला विटकरी रंगाची पूड.

शिरीष म्हणाला, "काकू, डबल क्लिक करा."

माझ्या हातून कसलंच क्लिक झालं नाही. मी मनातल्या मनात वर चढत होते: नानांचं घर, त्याच्यावर जोश्यांचं, त्याच्यावर दुसरा मजला, त्याच्यावर आमचं. बरोबर त्या खांबाच्या रेषेत आमचा पलंग. रात्रीचे हे जरा कूस बदलायला लागले की पलंग कुरकुरतो. इतके दिवस मी पलंगाला दोष देत होते.

सभेत नानांनी भाषण छान केलं. बाई एका कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या खुर्चीत, हातोडीची पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नाना म्हणाले, "सेक्रेटरींनी ठराव वाचावा."

मी उठले. ठरावाचा कागद हातात होता आणि त्याच हातात सुई. म्हटलं, "नाना, ही सुई मी तुमच्या खांबात घातली. अर्धी आत गेली."

नाना म्हणाले, "तुम्ही क्लासला आलात ते ह्यासाठी?"

"नाही हो. बाई खोटं बोलतात हे दाखवायला आले होते."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या माझे आभार मानतील, निदान हसतील. मी तसा चेहराही तयार ठेवला होता. बाई म्हणाल्या, "तुम्ही परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात सुई खुपसलीत. ही पद्धत नाही. आणि तुमच्या सुईवर मी विश्वास ठेवत नाही. कदाचित पोकळी पॅनेलच्या चौकटीची असेल, गंज खिळ्याचा असेल. काय आहे ते उघडल्यावर कळेल."

तेव्हा मात्र कोणी ठरावाचं नाव काढलं नाही. सभा तशीच्या तशी जिना उतरून खाली आली. सुतार यायची वाट न बघता शितोळ्यांनी स्वतः पहारीने पॅनेलचा कोपरा उचकटला.

खांबाची एक बाजू छिन्नीने तासून काढलेली होती, वरपासून खालपर्यंत, पॅनेल भिंतीला सपाट बसावं म्हणून. आतल्या सळ्या उघड्या, गंजून फुगलेल्या. एक सळी तर मधोमध कापून त्या फटीतून एसीचा पाइप नेलेला. शितोळ्यांनी नुसतं "आगं आयाई" म्हटलं आणि मागे सरकले. शिरीष पुटपुटला, "सुतार म्हणाला, एवढ्याने काही होत नाही... जागा वाढते."

नाना मात्र हटायला तयार नव्हते. आजही त्यांचं ते बोलणं माझ्या कानात आहे, कारण त्यांच्या जागी मी असते तर अगदी तेच बोलले असते. "खांब माझ्या फ्लॅटमध्ये आहे. माझ्या करारातल्या क्षेत्रफळात तो धरलाय. त्याचे पैसे मी भरलेत. माझ्या चार भिंतींच्या आतल्या खांबाचं मी काय करावं, हे मला सोसायटीने सांगू नये."

बाईंनी पर्समधून हातोडी काढली नाही, आवाजही चढवला नाही. "तुमच्या घरात उभा आहे, नाना. पण तो तुमचा नाही. तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही. तुम्ही तळमजल्यावर राहता." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "खांब यांचा आहे. या वर झोपतात."

नाना माझ्याकडे बघत राहिले. शेजारी म्हणून आम्ही इतकी वर्षं काढली होती, पण मी कोणत्या खोलीत, कशाच्या वर झोपते, हे त्यांच्या मनात त्या क्षणी पहिल्यांदा आलं असावं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शिरीष, बॅच सोडून दे."

त्याच दिवशी खांबाभोवती लोखंडी टेकू लागले. स्ट्रक्चरल इंजिनीअर आले, खांबाला नव्या सळ्यांचा पिंजरा घालून भोवती जाड काँक्रीट भरायचं ठरलं. काँक्रीट पक्कं होईपर्यंत आम्ही वरच्या तीन घरांतले लोक दिवसा कुठेही असलो तरी झोपायला नातेवाइकांकडे. बाईंनी पालिकेला सगळं जसंच्या तसं लिहून कळवलं, कोणाचं नाव न झाकता, आणि मुदत वाढवून घेतली. नानांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. पण बंद पडलेल्या क्लासच्या दाराशी खुर्ची टाकून ते दिवसभर पहारा करत, आणि त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली: "हे टेकू आहेत. यास टेकू नये." आम्ही समजून घेतलं. नानांची माफी मागायची हीच रीत.

खांब झाला. बाईंनी तो उघडा असताना पाहिला, सळ्या बांधल्यावर पाहिला, काँक्रीट ओतताना उभ्या राहून पाहिला, आणि मग सही केली. नोटीस मागे गेली. घरं राहिली. आम्ही पेढे वाटले, तर त्या म्हणाल्या, "शेवटची सही बाकी आहे, शितोळ्यांचे राखून ठेवलेले पैसे सुटायची. एक पावसाळा जाऊ द्या. पाऊस माझ्यापेक्षा चांगला तपासतो."

पाऊस पडून गेल्यावर त्या आल्या. मी दारात उभी राहून सांगितलं, "कुठेही ओल नाही हो." त्यांनी ते ऐकून घेतलं आणि घरातल्या प्रत्येक भिंतीवर तळहात ठेवत फिरल्या. देवघरामागे, फ्रिजमागे, पलंगामागे. शितोळे मागून येत होते, परीक्षेच्या निकालाला आलेल्या पोरासारखे. सगळ्या घरांतून फिरून झाल्यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी सही केली. शितोळ्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. मीही चष्मा पुसला. कारण विचारू नका.

मला राहवेना. म्हटलं, "बाई, आता तरी आमच्यावर विश्वास बसला ना?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "सही केली की."

"सही वेगळी. विश्वास?"

"विश्वास असता तर सहीची काय गरज होती?" त्या म्हणाल्या, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा जराशा हसल्या. "आणि सेक्रेटरी बाई, तुम्ही पण ठेवू नका. नव्या खांबाजवळ अधूनमधून जात जा. शिरीष पुन्हा कोणाला बोलावतोय का बघा."

मोपेड त्यांनी विकली होती, बसनेच आल्या होत्या. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. खाली आमचा रस्ता एकेरी. वाहनं येतात ती उजवीकडूनच, असा फलक आहे. बाई फूटपाथच्या कडेला आल्या. उजवीकडे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं, चांगली मान वळवून, वेळ घेऊन. आणि खरंच, डावीकडून एक रिक्षा उलटी येतच होती. बाई तिला जाऊ देण्यासाठी थांबल्या. रिक्षावाल्याने मान बाहेर काढून काहीतरी म्हटलं, बाईंनीही काहीतरी म्हटलं. वरून ऐकू आलं नाही, पण रिक्षावाला गप्प झाला एवढं दिसलं. मग त्यांनी पुन्हा दोन्हीकडे पाहिलं, आणि रस्ता ओलांडून गेल्या.